प्रखर ऊन आणि अश्वाची छायाकृती : मायब्रिजच्या पालो आल्टो येथील छायाचित्रांचा पुनर्विचार

प्रस्तावना

छायाचित्रणाच्या व्यवहारात एक संकेत दीर्घकाळ रूढ झालेला आहे. उघड्या मैदानावर घोड्याचे छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर ते सकाळच्या कोवळ्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावे. माध्यान्हीचे ऊन शक्यतो टाळावे, असा हा संकेत होय. त्यामागील कारणे उघड आहेत. सूर्य माथ्यावर असताना घोड्याची पाठ आणि पुठ्ठे पांढरेफटक पडतात, तर पोटाखालचा भाग, छाती आणि पायांची आतली बाजू काळ्या सावलीत बुडून जाते. भुवईच्या हाडाची सावली डोळ्यावर पडते आणि प्राण्याच्या मुद्रेचा प्राण असलेला डोळाच हरवतो. पांढऱ्या घोड्याच्या अंगावरील केसांचा पोत नाहीसा होतो. काळ्या घोड्याच्या अंगावर आकाशाचे निळसर प्रतिबिंब चमकू लागते. तेव्हा माध्यान्हीचे ऊन हा अश्वचित्रणातील दोष मानला जातो आणि तो टाळण्याचे किंवा सौम्य करण्याचे उपाय शिकविले जातात.

परंतु छायाचित्रणाच्या इतिहासात ज्या अश्वचित्रांना सर्वाधिक प्रसिद्धी लाभली, ती याच 'दोषा'तून जन्माला आली आहेत. एडवर्ड मायब्रिज (१८३०–१९०४) याने जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे धावत्या घोड्यांची जी छायाचित्रमालिका घेतली, तिचा विचार सामान्यतः दोन अंगांनी केला जातो. विज्ञानाचे अभ्यासक तिला प्राणिगतीच्या अभ्यासातील टप्पा मानतात, तर चित्रपटाचे अभ्यासक तिच्यात चलच्चित्राचे बीज पाहतात. या दोन्ही विचारांत गतीला केंद्रस्थान मिळते. ज्या प्रकाशाने ती गती पकडली त्या प्रकाशाचा विचार मात्र दुय्यम राहतो. प्रस्तुत लेखात या छायाचित्रांकडे प्रखर उन्हाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या उन्हाने काय दाखविले, काय पुसून टाकले आणि त्या बळावर छायाचित्राने सत्याचा जो अधिकार मिळविला तो कितपत निर्विवाद आहे, हे तीन प्रश्न येथे विचारार्थ घेतले आहेत.

प्रकाशाची निकड : रसायन आणि गती

कॅलिफोर्नियाचा माजी गव्हर्नर आणि सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा एक धनाढ्य मालक लेलँड स्टॅनफर्ड याने १८७२ मध्ये मायब्रिजला पाचारण केले. दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीपासून सुटतात काय, हा स्टॅनफर्डच्या जिज्ञासेचा विषय होता. त्याने यासाठी मोठी पैज लावली होती, ही कथा सर्वत्र सांगितली जाते; परंतु तिला समकालीन पुराव्याचा आधार नाही. घोड्यांची पैदास करणाऱ्या माणसाची व्यावहारिक जिज्ञासा एवढे कारण येथे पुरेसे आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याचा प्राण्यांच्या गतीवरील ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लगेचच त्याचा इंग्रजी अनुवादही आला. त्याने या जिज्ञासेला शास्त्रीय बळ दिले.

त्या काळी छायाचित्रणाची प्रचलित पद्धत ओल्या कलोडिऑनची होती. काचेवर कलोडिऑनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वी तिच्यावर प्रक्रिया करावयाची, असा हा खटाटोप होता. या काचेची प्रकाशसंवेदनशीलता अत्यल्प होती. शिवाय ती प्रामुख्याने निळ्या आणि जांभळ्या किरणांनाच प्रतिसाद देई. तांबडा व तपकिरी रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. परिणामी, आकाश पांढरे येई आणि तांबूस किंवा तपकिरी घोडा डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी काळा येई.

१९ जून १८७८ या तारखेच्या कार्डावर 'सॅली गार्डनर' या घोडीच्या धावेची चित्रे आहेत. कार्डावरील नोंदीनुसार ही घोडी मैलाला १ मिनिट ४० सेकंद या वेगाने धावत होती. तासाला सुमारे ५८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६ मीटर, असा हा वेग होतो. ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दर २७ इंचांच्या अंतरावर एकेक चित्र टिपले आणि प्रत्येक चित्राचा प्रकाशनकाळ सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाहूनही कमी असल्याचे तेथे नमूद आहे. हे गणित मांडून पाहिल्यास त्याचा अर्थ स्पष्ट होतो. सेकंदाच्या दोनहजाराव्या भागात घोडीचे धड सुमारे ८ मिलिमीटर पुढे सरकते. एवढी अस्पष्टता चित्राला सोसते. प्रकाशनकाळ दहापट वाढविला असता, तर धड ८ सेंटिमीटर सरकले असते आणि त्याहून वेगाने पुढे झेपावणाऱ्या पायांचा केवळ धूसर पट्टा उमटला असता.

अल्पसंवेदी काच आणि अत्यल्प प्रकाशनकाळ या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध होत्या. त्यांची सांगड घालू शकेल असे एकच साधन उपलब्ध होते. ते म्हणजे कॅलिफोर्नियाचे निरभ्र, प्रखर ऊन. पालो आल्टोच्या अक्षांशावर जून महिन्यात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७६ अंशांवर असतो. घोड्याएवढ्या उंचीच्या वस्तूची सावली तेव्हा हातभरही पडत नाही. हे ऊनदेखील पुरेसे नव्हते म्हणून धावपट्टीच्या पलीकडे उभ्या रेषा आखलेला पांढरा पडदा उभारण्यात आला. त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश थेट भिंगाकडे येई. स्टॅनफर्डच्या रेल्वेतील अभियंता जॉन आयझॅक्स याच्या साहाय्याने विद्युतचलित शटरची योजना सिद्ध झाली. तात्पर्य, जे ऊन आज टाळण्याजोगे मानले जाते, ते येथे प्रयोगाची पूर्वअट होते.

उन्हाने काय दाखविले

या चित्रांनी दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात हे सिद्ध झाले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते केव्हा सुटतात हे कळले. पूर्ण वेगाच्या धावेत घोडा अधांतरी असतो तो पाय पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर ते पोटाखाली एकत्र गोळा झालेले असताना. युरोपीय चित्रकलेत, आणि भारतीय लघुचित्रांतील शिकारीच्या दृश्यांतही, पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे फेकलेला धावता घोडा शतकानुशतके रंगविला गेला होता. हा संकेत निसर्गात कोणत्याही क्षणी आढळत नाही, हे आता उघड झाले.

मराठी भाषेने घोड्याच्या या धावेला 'चौखूर' असा शब्द दिला आहे. तो चार खुरांची जाणीव देतो, परंतु त्यांचा क्रम सांगत नाही. मानवी डोळ्याची मर्यादाही नेमकी हीच आहे. डोळ्याला चारही खूर एकदम उधळलेले भासतात. कोणता खूर केव्हा टेकला हे त्याला सांगता येत नाही. मायब्रिजच्या बारा चौकटींनी हा क्रम उलगडून दाखविला. हे ज्ञान प्रकाशाच्या सौम्यतेतून आलेले नाही. ते त्याच्या कठोरतेतून आले आहे. पांढऱ्या पडद्यावर घोड्याची बाह्यरेषा धारदार उमटली म्हणूनच गुडघ्याचा कोन, खुराची उंची आणि मानेचा कल मोजता आला. येथे प्रकाशाचे कार्य वस्तू सजविण्याचे नसून तिला तिच्या भोवतालापासून वेगळे काढण्याचे आहे.

याच्या नेमकी उलट मांडणी मारे याने केली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १८८२ पासून त्याने पॅरिसमधील आपल्या केंद्रात एकाच काचेवर गतीच्या अनेक अवस्था टिपण्यास आरंभ केला. एकाच काचेवर पुनःपुन्हा प्रकाश पडणार असल्याने त्याला पार्श्वभूमी काळी आणि विषय पांढरा हवा होता. मायब्रिजचा काळा घोडा उजळ पडद्यावर, तर मारेचा पांढरा विषय अंधाऱ्या पार्श्वभूमीवर, असा हा विरोध आहे. दोघांच्याही बाबतीत विषयाचे रूप त्याच्या स्वभावातून ठरलेले नाही. ते प्रयोगाच्या गरजेतून ठरले आहे. छायाचित्र निसर्गाची निर्मळ नोंद करते, या समजाला येथेच पहिला छेद जातो.

उन्हाने काय पुसले

सॅली गार्डनरच्या चित्रांकडे प्रयोगाचे प्रयोजन बाजूला ठेवून पाहिले, तर वेगळेच काही जाणवते. त्यांत घोडी आहे. पण तिच्या अंगाचा रंग, घाम, ताणलेले स्नायू आणि डोळा यांतील फारसे काही नाही. स्वाराची आकृती आहे, चेहरा नाही. आकाश नाही, झाड नाही, दूरची टेकडी नाही. अंकांची आणि रेषांची भिंत आहे. अल्प प्रकाशनकाळात पडद्याने परतविलेला प्रकाश तेवढा काचेवर उमटला आणि घोडीच्या अंगावरील बारकावे अंधारात राहिले. बाह्यरेषा मिळाली, तिची किंमत म्हणून अंतरंग गेले.

हे नुकसान मायब्रिजला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. योसेमिटी खोऱ्याच्या निसर्गदृश्यांमुळे तो आधीच ख्यातनाम झाला होता. तेथे कलोडिऑनच्या दोषामुळे पांढरे पडणारे आकाश त्याला सलत असे. त्यावर उपाय म्हणून त्याने प्रकाश अडविणारी युक्ती योजिली आणि ढगांच्या वेगळ्या निगेटिव्ह वापरून कोऱ्या आकाशात ढग छापले. जो छायाचित्रकार योसेमिटीत जळालेले आकाश सांधतो, तोच पालो आल्टोत आकाश पूर्णपणे वगळतो. या दोन कृतींमध्ये विसंगती नाही. पहिल्या ठिकाणी प्रेक्षकाला रमवावयाचे होते, दुसऱ्या ठिकाणी त्याला पटवावयाचे होते. प्रखर प्रकाश हा गुण की दोष, हे प्रकाशाच्या अंगी नसून छायाचित्राकडून काय अपेक्षिले आहे यावर अवलंबून आहे, असा निष्कर्ष यातून निघतो.

पुसले जाण्याची ही क्रिया केवळ दृश्यापुरती मर्यादित नाही. १८७८ च्या कार्डावर घोडीचे नाव, मालकाचे नाव आणि जी. डोम असे स्वाराचे नावही छापलेले आहे. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मायब्रिजने केलेल्या कामातून १८८७ मध्ये ७८१ चित्रफलकांचा प्रचंड संग्रह सिद्ध झाला. त्यातील ६२६ व्या फलकावर धावणारी घोडी 'ॲनी जी.' म्हणून ओळखली जाते. तिच्यावरील कृष्णवर्णीय स्वाराचे नाव मात्र निश्चितपणे ज्ञात नाही. २०१७ मध्ये हार्वर्डमधील संशोधकांनी याच घोडीच्या धावेच्या पाच चौकटी जिवंत जीवाणूंच्या डीएनएमध्ये साठविल्या, तेव्हाही नाव घोडीचेच चर्चिले गेले. २०२२ मधील 'नोप' या जॉर्डन पील दिग्दर्शित अमेरिकी चित्रपटाने या अनामिक स्वारालाच आपल्या कथेच्या मुळाशी ठेवले. छायाकृतीत न दिसलेला चेहरा आणि नोंदवहीत न उरलेले नाव यांचे नाते योगायोगाचे म्हणून सोडून देता येत नाही. ज्या दृष्टीला केवळ अवयवांचे कोन हवे असतात, तिला स्वार हा वजनापुरता पुरेसा असतो.

पुरावा आणि हस्तक्षेप

मायब्रिजच्या चित्रांचा खरा दावा सौंदर्याचा नसून पुराव्याचा आहे. त्यामुळे त्या दाव्याची छाननी आवश्यक ठरते. १८७७ मध्ये त्याने 'ऑक्सिडेंट' या घोड्याचे धावते चित्र प्रसिद्ध केले. ते छायाचित्र म्हणून मांडले गेले असले, तरी पुढील संशोधनात असे आढळले की ते मूळ छायाचित्रावरून चित्रकाराने रंगविलेल्या चित्राचे छायाचित्र होते आणि गाडीवानाचा चेहरा तेवढा छायाचित्रातून कापून चिकटविलेला होता. या चित्राविषयी त्याच काळात शंका घेतल्या गेल्या. १५ जून १८७८ रोजी वार्ताहरांना आमंत्रित करून, त्यांच्यासमोर घोडे धाववून, काचांवर तेथेच प्रक्रिया करून दाखविण्यामागे या शंकांचे निरसन हाही हेतू होता, असे म्हणता येते. छायाचित्राची विश्वसनीयता छायाचित्रातून सिद्ध झाली नाही. ती साक्षीदारांच्या उपस्थितीतून सिद्ध करावी लागली.

पेनसिल्व्हेनियातील संग्रहाबाबतही हाच प्रश्न उपस्थित होतो. मार्टा ब्राउन या अभ्यासिकेने दाखवून दिले आहे की, या फलकांतील अनेक मालिका वाटतात तशा सलग नाहीत. काही ठिकाणी चौकटी गाळून, बदलून किंवा नव्याने जुळवून मालिका पूर्ण केल्याचा आभास निर्माण केलेला आहे. रेषांच्या जाळीमुळे शास्त्रीय वाटणारी मांडणी प्रत्यक्षात संपादित आहे.

मात्र हा आक्षेप एकट्या मायब्रिजवर ठेवून थांबणे न्यायाचे होणार नाही. १८८२ मध्ये स्टॅनफर्डच्या आश्रयाने डॉ. जे. डी. बी. स्टिलमन यांचा घोड्याच्या गतीवरील ग्रंथ बॉस्टनहून प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर मायब्रिजचे नाव नव्हते आणि त्याच्या बहुसंख्य छायाचित्रांच्या जागी त्यांवरून काढलेली रेखाचित्रे होती. या ग्रंथामुळे लंडनच्या रॉयल सोसायटीने मायब्रिजचा निबंध प्रसिद्ध करण्याचा विचार सोडून दिला. त्याने न्यायालयात दाद मागितली, पण त्याला यश आले नाही. ज्या उन्हाने घोड्याचे अंतरंग पुसून केवळ बाह्यरेषा ठेवली, त्याच बाह्यरेषेमुळे चित्रांची नक्कल सोपी झाली. छायाकृतीत छायाचित्रकाराची शैली उरत नाही. म्हणून तिचा कर्ताही सहज वगळता येतो. स्वाराला जे भोगावे लागले, ते काही अंशी छायाचित्रकारालाही भोगावे लागले.

चित्रकारांचा प्रतिसाद

या छायाचित्रांनी चित्रकारांपुढे पेच उभा केला. टॉमस ईकिन्स याने १८७९–८० मध्ये फिलाडेल्फियातील उद्यानातून जाणाऱ्या चार घोड्यांच्या गाडीचे चित्र रंगविले. घोड्यांचे पाय त्याने मायब्रिजच्या शोधाशी इमान राखून काढले. पण गाडीच्या चाकांचे आरे मात्र फिरत्या चाकात दिसतात तसे धूसर ठेवले. परिणामी, एकाच चित्रात पाय थिजलेले आणि चाक फिरते अशी विसंगती निर्माण झाली. सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाचे सत्य आणि मानवी दृष्टीचे सत्य एकाच पटावर नांदू शकत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

ओग्यूस्त रोदँ याने १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉल ग्सेल यांच्याशी केलेल्या संभाषणांत याच मुद्द्यावर छायाचित्राला खोटे आणि कलावंताला खरे ठरविले. थेओदोर जेरिको याच्या १८२१ मधील एप्सम येथील शर्यतीच्या चित्रातील घोडे छायाचित्राच्या कसोटीस उतरत नाहीत. तरीही ते धावतात, कारण त्यांत लागोपाठच्या अनेक क्षणांचा संक्षेप आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. हे प्रतिपादन मौलिक असले तरी ते केवळ काळाविषयी बोलते. जेरिकोच्या चित्रात मेघांनी भरलेले आकाश आहे. त्या झाकोळलेल्या उजेडात घोड्यांची धाव एका मनःस्थितीचा भाग बनते. मायब्रिजच्या चित्रात काळ थांबलेला आहे, एवढेच नव्हे तर हवामानही नाहीसे झालेले आहे. त्याचे घोडे निर्जीव भासतात याचे कारण जेवढे थांबलेल्या क्षणात, तेवढेच त्या कोऱ्या उजेडातही शोधावे लागते. एडगर देगा याने मायब्रिजच्या फलकांवरून घोड्यांचे अभ्यास केले, पण त्यांना पुन्हा देह आणि वजन दिले. उन्हाने पुसलेले ते कलावंताने हाताने परत आणले, असे त्याविषयी म्हणता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. प्रखर ऊन हा अश्वचित्रणातील स्वयंसिद्ध दोष नाही. सौम्य प्रकाश घोड्याचे सौंदर्य आणि मुद्रा राखतो; प्रखर प्रकाश त्याची रचना आणि क्रम उघड करतो. आजच्या संवेदकांना सेकंदाच्या काही हजाराव्या भागासाठी माध्यान्हीच्या सूर्याची गरज उरलेली नाही. त्यामुळे हे ऊन आता अपरिहार्य राहिले नसून निवडीचा विषय झाले आहे. आणि जेथे निवड आहे तेथे जबाबदारीही येते.

दुसरे असे की, छायाचित्राची धारदार स्पष्टता म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. पालो आल्टोच्या चित्रांनी खुरांविषयी खरे सांगितले, हे नाकारता येत नाही. परंतु तेवढे सांगण्यासाठी त्यांनी डोळा, चेहरा, आकाश आणि श्रम यांना चौकटीबाहेर ठेवले. अध्यापनात ही चित्रे विज्ञानाच्या विजयाचे किंवा चित्रपटाच्या आरंभाचे उदाहरण म्हणून दाखविली जातात. त्यांच्यासोबत १८७७ चे चिकटविलेले चित्र, १८८२ च्या ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ आणि ६२६ व्या फलकावरील अनामिक स्वार हेही दाखविले जावेत. स्टॅनफर्डच्या ज्या पशुक्षेत्रावर हे प्रयोग झाले, त्याच भूमीवर पुढे १८९१ मध्ये त्याच्या मुलाच्या नावाने विद्यापीठ सुरू झाले. प्रयोगातून ज्ञानसंस्थेपर्यंतचा हा प्रवास गौरवास्पद आहेच. मात्र ज्या उजेडात तो सुरू झाला त्या उजेडाने कोणाच्या मुद्रेवर सावली पाडली, हा प्रश्न विचारणे ज्ञानसंस्थांचेच काम आहे.